चार्ज

पहिल्या नेमणुकीवर हजर झालो तेव्हा आधीच्या पाळकसाहेबांनी मला चार्ज दिला. तो कागद अजून माझ्याकडे आहे. फुलस्केप, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, खाली दोघांच्या सह्या. लोखंडी पेटी १. रजिस्टरं ३ : बाप्तिस्मा, विवाह, दफन. प्रभुभोजनाचे पेले २४, पैकी ३ तडा गेलेले. हार्मोनियम १, भाता फाटका. शिडी १. घंटेचा दोर, नवा. कंदील २. किल्ल्या ३. आणि 'किल्ल्या ३'च्या पुढे प्रामाणिकपणे लिहिलेलं : 'एक कशाची ते माहीत नाही.'

सही करताना मनात आलं, एवढंच? मंडळीत घरं किती, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाकडे गेल्यावर चहाला नाही म्हणायचं नाही, कोणाच्या घरी धाकटा मुलगा पिऊन येतो, यातलं काहीच यादीत नव्हतं. ते त्यांनी मला एसटी स्टँडवर गाडीची वाट बघता बघता सांगितलं. त्यातलं निम्मं पुढे चूक निघालं. उरलेलं निम्मं मला उशिरा कळलं.

आमच्यात, म्हणजे मेथॉडिस्ट पंथाच्या ख्रिस्ती लोकांत, मंडळीलाच, म्हणजे एका देवळाच्या सभासदांनाच, 'चार्ज' म्हणायची पद्धत आहे. 'त्यांना कुठला चार्ज मिळाला?' असं विचारतात. एकूण सात चार्ज मी घेतले आणि सातही देऊन मोकळा झालो. बाहेरच्या माणसाला वाटतं पाद्री म्हणजे एका देवळाचा, तिथेच म्हातारा होणारा. मेथॉडिस्ट पाळकाचं तसं नसतं. त्याला मंडळी नेमत नाही आणि तो मंडळी निवडत नाही. बिशप पाठवतील तिकडे जायचं. हे मूळ मेथॉडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्ली यांचं. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात त्यांनी आपले उपदेशक एका जागी मुरू दिले नाहीत. ते स्वतः आयुष्यभर घोड्यावर होते. ऑक्सफर्डात असताना प्रार्थना, उपास, तुरुंगातल्या कैद्यांना भेटणं हे सगळं वेळापत्रक लावून करायचे म्हणून बाकीची पोरं त्यांना आणि त्यांच्या मित्रांना चिडवायला 'मेथॉडिस्ट' म्हणाली, म्हणजे पद्धतशीर लोक. चिडवण्याचं नाव पुढे पाटीवर लागलं. आमच्या एका गावचा पोस्टमन मात्र शेवटपर्यंत 'मेथीदिस्त चर्च' असंच वाचायचा. पत्रं पोचत होती, म्हणून कोणी दुरुस्त केलं नाही.

माझे वडील रेल्वेत फिटर. कॉलनीच्या टोकाला आमचं छोटं देवालय. रेल्वे आणि मेथॉडिस्ट यांचं नातं जुनं आहे. विल्यम टेलर नावाचे अमेरिकन उपदेशक १८७१ साली मुंबईत आले आणि घराघरात सभा घेऊ लागले. त्या सभांतून मंडळ्या उभ्या राहिल्या आणि रुळांच्या कडेकडेने पसरल्या. सुरुवातीला त्यात अँग्लो-इंडियन, गार्ड, ड्रायव्हर, तारबाबू असे लोक पुष्कळ. टेलर यांचं म्हणणं, मंडळीने आपला खर्च आपण भागवावा, परदेशी पैशावर जगू नये. मुंबईतले जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाले. हे १८४८ पासून मुंबईत होते, मिशनचा पगार सोडून दिलेला, साध्या खोलीत राहायचे, १८८८ साली मुंबईतच वारले. कुलाब्याच्या बाजूला त्यांच्या नावाचं चर्च आहे. लहानपणी वडील मला तिथे घेऊन गेले होते आणि बाहेर आल्यावर म्हणाले, 'पगार न घेता चाळीस वर्षं. आणि आपल्याकडे ओव्हरटाइमवरून भांडणं.' वडिलांचा उपदेश एवढाच असायचा.

बोलावणं कसं आलं, हा प्रश्न मला मुलाखतीत विचारला गेला. पाळक व्हायची पहिली पायरी म्हणजे आपल्या मंडळीची शिफारस आणि लोकल प्रीचरचा, म्हणजे मंडळीत उपदेश करायचा, परवाना. मग डिस्ट्रिक्टची, म्हणजे आसपासच्या मंडळ्यांच्या गटाची, समिती बसते. समितीतले एक वडीलधारे म्हणाले, 'तारीख सांगा.' वेस्लींना तारीखच काय, वेळसुद्धा माहीत होती : २४ मे १७३८, लंडनमधल्या आल्डर्सगेट स्ट्रीटवरची सभा, बायबलातल्या रोमकरांस पत्राला धर्मसुधारक लूथरने लिहिलेली प्रस्तावना कोणीतरी वाचत होतं, आणि साधारण पावणेनऊला त्यांना आपल्या हृदयात विलक्षण ऊब जाणवली. हे आम्हाला शब्बाथ शाळेपासून, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गापासून, पाठ. माझ्याकडे तसलं काही नव्हतं. मी म्हटलं, 'तारीख नाही साहेब. आई रोज रात्री उशाशी बसून शेजारपाजारच्या सगळ्यांची नावं घेऊन प्रार्थना करायची. एकदा ती आजारी पडली तेव्हा ती नावं मी घेतली. मग थांबताच आलं नाही.' ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, 'इंग्रजी कितपत येतं?' त्यावरून मला कळलं की पास झालो.

मला जबलपूरला पाठवलं, लेओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेजात. इटारसी सुटल्यावर मराठी सुटलं. वसतिगृहात हिंदी, वर्गात इंग्रजी, जेवणात अरहर डाळ. चार वर्षांचा बी.डी., म्हणजे धर्मशास्त्राचा अभ्यासक्रम, पदवी श्रीरामपूरची. घरी हे सांगितलं तर मामा म्हणाला, 'मग जबलपूरला कशाला गेलास, श्रीरामपूर तर नगर जिल्ह्यात आहे.' हे श्रीरामपूर बंगालमधलं, हुगळीकाठचं. मिशनरी विल्यम केरी यांच्या कॉलेजला डेन्मार्कच्या राजाने १८२७ साली पदव्या देण्याची सनद दिली, त्या सनदेवर आजही देशभरच्या पाळकांच्या पदव्या चालतात. मामाला शेवटपर्यंत पटलं नाही.

ग्रीक मी रडतखडत काढलं. हिब्रू आवडलं, का ते सांगता येणार नाही, कदाचित उजवीकडून डावीकडे वाचताना सगळ्यांचीच सारखी फजिती व्हायची म्हणून. चर्चचा इतिहास, नीतिशास्त्र, इतर धर्मांचा अभ्यास, सगळं झालं. नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झाली आणि आम्ही अमेरिकन परंपरेतले मेथॉडिस्ट त्यात ऐनवेळी गेलो नाही, १९८१ साली मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वतंत्र झालो, यावर वर्गात तासन्‌तास वाद. बाहेर आल्यावर लक्षात आलं, मंडळीतल्या कोणालाच या वादात रस नाही. त्यांचे अर्धे पाव्हणे सीएनआयमध्ये आहेत, आणि लग्नाच्या पंगतीत कोण कुठला हे कोणी विचारत नाही.

कॉलेजने एक गोष्ट शिकवली नाही. मेलेल्या माणसाच्या घरात शिरल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं.

पदवी हातात आली म्हणून पाळक होत नाही. कॉन्फरन्समध्ये, म्हणजे प्रदेशातल्या पाळकांच्या आणि मंडळ्यांच्या संघटनेत, आधी 'ऑन ट्रायल' घेतात, उमेदवारीवर. मग डीकन, मग एल्डर, प्रत्येक टप्प्याला पुन्हा अभ्यास, पुन्हा समिती. एल्डर झाल्यावरच प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, पूर्ण अधिकाराने देता येतं. पूर्ण सभासद करून घेताना बिशप सगळ्या कॉन्फरन्ससमोर उभं करून प्रश्न विचारतात, वेस्लींनी आपल्या उपदेशकांना विचारलेले तेच. ख्रिस्तावर विश्वास आहे का. परिपूर्णतेकडे वाटचाल चालू आहे का. याच आयुष्यात प्रीतीत परिपूर्ण होण्याची अपेक्षा आहे का. सगळे 'होय' म्हणतात, दुसरं म्हणणार काय. मुलांना शिकवाल का, घरोघर जाल का. आणि मधेच एक प्रश्न : कामात अडचण येईल इतकं कर्ज आहे का? आम्ही पाच जण रांगेत उभे होतो. मागच्या बाकांवरून खसखस पिकली, कारण त्या वर्षी पगार तीन महिने थकलेले होते. माझ्या डोक्यावर बहिणीच्या लग्नाचे तीन हजार होते, रेल्वेच्या पतपेढीतून वडिलांच्या नावावर काढलेले. मी 'नाही' म्हणालो. तांत्रिकदृष्ट्या कर्ज वडिलांचं होतं. पाळक म्हणून दिलेल्या पहिल्याच उत्तरात मी असा आडोसा शोधला, हे मला बरेच दिवस टोचत होतं. हप्ते फिटले तेव्हा टोचणं थांबलं.

तर पहिला चार्ज. विदर्भातलं तालुक्याचं गाव, मिशनच्या काळातलं दगडी देवालय, कौलारू पाळकनिवास, आणि आजूबाजूच्या सात खेड्यांत विखुरलेली घरं. सायकल मंडळीची, चेन माझी. पहिला महिना मी उपदेशांवर फार मेहनत घेतली. तीन मुद्दे, मूळ ग्रीक शब्द, शेवटी आवाहन. एका रविवारी उपासना संपल्यावर एक आजी दाराशी थांबल्या, सलाम घातला आणि म्हणाल्या, 'साहेब, तुमचं वचन चांगलं असतं. पण तुम्ही अजून आमच्या घरी आला नाही.' मी म्हटलं, येतो. त्या म्हणाल्या, 'कधी, ते सांगा. मी वाट बघते, मग कामाला जात नाही, मग रोज बुडतो.'

त्या दिवशी मी वही केली. घराचं नाव, कधी गेलो, काय बोलणं झालं. ही वही मी शेवटपर्यंत ठेवली, एकूण एकोणीस वह्या झाल्या. वेस्ली घरोघर जायला का सांगत होते, ते त्या आजीमुळे कळलं. त्यांच्याकडे गेलो तेव्हा चुलीवर भात होता. मी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, मंडळीसाठी, गावासाठी, देशासाठी, राज्यकर्त्यांसाठी. मधेच त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. 'साहेब, आमेन म्हणा. भात लागतो.'

प्रभुभोजनाचा द्राक्षरस कुठून आणायचा, हे यादीत नव्हतंच. मेथॉडिस्ट परंपरेत दारू चालत नाही, रस न आंबलेला लागतो. अमेरिकेत वेल्च नावाच्या एका मेथॉडिस्ट दंतवैद्याने १८६९ साली द्राक्षरस तापवून बाटलीत टिकवायची युक्ती काढली ती याच कारणाने. आमच्या तालुक्याला बाटली कुठली. आजींनीच शिकवलं. काळ्या मनुका शनिवारी सकाळी कोमट पाण्यात भिजवायच्या, संध्याकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर फुलेपर्यंत शिजवायच्या, हाताने कुस्करायच्या, धुतलेल्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळायच्या. साखर नाही. घट्ट वाटलं तर गार झाल्यावर पाणी, गरम असताना नाही. चव येते ती आंबटगोड, किंचित मातकट. पुढे शहरात आयता रस मिळाला, पण तो जिभेला खोटाच वाटतो. पोळी आदल्या दिवशीची, कडा काढून चौकोनी तुकडे केलेली. एकवीस धड पेले आणि तीन तडा गेलेले. तडा गेलेले मी माझ्या बाजूला ठेवायचो.

लग्नं लावणं मला आवडायचं, पण लग्नांनी मला छळलंही पुष्कळ. तीन रविवार नोटीस वाचायची, वय तपासायचं, फॉर्म भरायचे, कारण ख्रिस्ती विवाहाचा कायदा १८७२ चा आहे आणि तो पाळकाला सरकारी कारकून करून टाकतो. त्या कायद्यात एक कलम असं, की लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात यांच्या दरम्यानच लागलं पाहिजे. काही चर्चेसना खास परवान्याने सूट आहे, आमच्यासारख्यांना नाही. आणि आमच्याकडची वरात! एकदा चारचं लग्न. साडेपाचला नवरदेव गावच्या वेशीत. सहाला वाण्याच्या दुकानासमोर, मित्र नाचतायत. साडेसहाला मी झगा घालून स्वतः चालत वरातीपर्यंत गेलो आणि बँडवाल्याच्या कानात सांगितलं, 'सातनंतर मी लग्न लावत नाही, मग तुमचं बिल कोण देणार ते बघा.' बँड तिथल्या तिथे बंद. सहा चाळीसला नवरा-नवरी वेदीपुढे. पहिलं गीत गाळलं, उपदेश गाळला, सरळ शपथा. 'सुखात आणि दुःखात' म्हणताना नवरदेवाला धाप लागलेली. सहा सत्तावन्नला मी त्यांना पतिपत्नी जाहीर केलं. नवरीची आई नंतर म्हणाली, 'साहेब, आजवरच्या लग्नांत हे सगळ्यात सुंदर झालं.' उपदेश नव्हता म्हणून का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

रजिस्टरांबद्दल एक सांगायला हवं. तिसऱ्या की चौथ्या चार्जमधली गोष्ट. एक तरुण जोडपं वर्षभर उपासनेला येत होतं, वचनाची ओढ खरी होती. एका संध्याकाळी नवरा आला आणि म्हणाला, 'साहेब, बाप्तिस्मा द्या. पण रजिस्टरला नाव नको.' तो अनुसूचित जातीचा, नोकरीच्या परीक्षा देत होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीची आरक्षणाची सवलत धर्माला बांधलेली आहे. आधी फक्त हिंदूंना होती, १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना लागू झाली, ख्रिस्ती माणसाला नाही. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावात त्याची जात कोणी विसरणार नव्हतं, विहिरीवरची वागणूक तीच राहणार होती, फक्त जातीचा कागद जाणार होता. मी त्याला सत्यावर अर्धा तास व्याख्यान दिलं. नाव लपवून ख्रिस्त स्वीकारता येत नाही, वगैरे. त्याने मान खाली घालून सगळं ऐकलं, सलाम केला आणि गेला. पुढच्या रविवारपासून ते दोघं आले नाहीत.

नियमाने मी बरोबर होतो. आजही कोणी विचारलं तर बाप्तिस्म्याची नोंद गाळावी असं मी म्हणणार नाही. पण पगार थकला तेव्हा 'कर्ज वडिलांचं आहे' असं स्वतःला समजावणारा मी, त्या पोराला सत्य शिकवत होतो. त्याच्या घरी पुन्हा जायला मला दोन वर्षं लागली. गेलो तेव्हा त्याच्या बायकोने पाट मांडला, चहा केला. भिंतीवर ख्रिस्ती कॅलेंडर होतं, गेल्या वर्षीचं. प्रार्थना करू का विचारलं, तर ती म्हणाली, 'करा ना. आम्ही रोज करतो.'

बाकी मंडळीचं राजकारण असतं, ते सगळीकडे असतं. एका चार्जमध्ये मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या एका पदाधिकाऱ्याने माझ्या घराच्या कौलांचे पैसे दोन पावसाळे अडवून धरले, कारण मी त्याच्या भाच्याला नाताळच्या नाटकात योसेफ केला नव्हता. मेंढपाळ केला होता. पावसात आम्ही पलंग सरकवत सरकवत हॉलच्या दरवाजापर्यंत आलो. तरुण पोरं दुसऱ्या पंथांच्या सभांना जायची, तिथे तलावात बुडवून पुन्हा बाप्तिस्मा घ्यायची, आणि घरी येऊन आईला सांगायची की तुमच्या पाळकाने शिंपडलं ते काही खरं नाही. आई रडत माझ्याकडे. मी काय सांगणार? पोरगा प्रार्थनेला तर जातोय, असं म्हणायचो.

आणि कापणीचा सण. यासाठी मी कुठल्याही चार्जवर पुन्हा जाईन. वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, पाय बांधलेला कोंबडा, कोणाची तरी लोणच्याची बरणी, शहरात नोकरीला असलेल्यांचा केक. उपासना झाली की अंगणात लिलाव. लिलाव करणारा मंडळीतला सगळ्यात आगाऊ माणूस. एक नारळ पाचशेला गेला, कारण दोन चुलतभावांचं सहा महिन्यांचं भांडण होतं आणि कोणी माघार घेईना. जिंकलेल्याने तो तिथेच फोडला आणि अर्धी वाटी हरलेल्याच्या हातावर ठेवली. मी त्या भांडणासाठी चार वेळा त्यांच्या घरी गेलो होतो.

बदलीचं कसं होतं ते सांगतो. वर्षातून एकदा कॉन्फरन्स भरते. पाळक, मंडळ्यांचे प्रतिनिधी, पाच-सहा दिवस अहवाल, हिशोब, ठराव. रात्री बिशप आणि सगळे डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंट बंद खोलीत बसतात, कोणाला कुठे पाठवायचं ते ठरवायला. बाहेर व्हरांड्यात आम्ही, त्या खोलीत चहा घेऊन जाणाऱ्या पोराच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधत. शेवटच्या सत्रात बिशप उभे राहतात, एक गीत होतं, प्रार्थना होते, आणि यादी वाचली जाते. डिस्ट्रिक्टचं नाव, चार्जचं नाव, पाळकाचं नाव. इतकंच. कारण नाही, चर्चा नाही. आपलं नाव येईपर्यंत माणूस दुसऱ्याचं ऐकत नाही, आलं की त्यानंतरचं ऐकत नाही. एकदा माझ्या शेजारी बसलेल्या पाळकाने आपलं नाव ऐकून हळूच बूट घातले आणि उठून बाहेर गेला. नळाखाली तोंड धुतलं, परत येऊन बसला. त्याच्या मुलीची दहावी होती.

माझी बायको शाळेत शिक्षिका होती, अनुदानित शाळा, पक्की नोकरी. तिसरी बदली आली तेव्हा ती म्हणाली, 'अहो, बिशपसाहेबांनी तुमचं नाव वाचलं. माझं नाही वाचलं.' दोन वर्षं ती मुलांना घेऊन तिथेच राहिली, मी नव्या गावी एकटा, रविवारी संध्याकाळी उरलेला भात दही घालून खात. नव्या मंडळीतल्या बायका विचारायच्या, 'मॅडम कधी येणार?' कारण महिला मंडळ, शब्बाथ शाळा, नाताळची गाणी, बाळंतिणीकडे जाणं हे सगळं मॅडमकडे असतं आणि त्याला कुठलाही पगार नाही. अखेर तिने नोकरी सोडली. मी सोड म्हटलं नव्हतं. सोडू नको असंही म्हटलं नव्हतं.

दर वर्षी पहिल्या रविवारी आम्ही कराराची उपासना करतो. वेस्लींनी १७५५ साली ती सुरू केली. त्यातल्या प्रार्थनेत माणूस देवाला म्हणतो की मी आता माझा नाही, तुला वाटेल तिथे ठेव, कामाला लाव किंवा बाजूला ठेव. तीसेक वर्षं मी ही प्रार्थना मंडळीकडून म्हणवून घेतली. 'कामाला लाव' जोरात म्हणायचो. 'बाजूला ठेव' कडे लक्ष जायचं नाही. मग काविळीने चार महिने अंथरुणाला खिळलो, उपासना लोकल प्रीचर घेत होते, आणि खिडकीतून गीत ऐकू येत होतं, माझ्यावाचून, नेहमीइतकंच बेसूर. बायको म्हणाली, 'आता म्हणा ती प्रार्थना.'

शेवटची नेमणूक योगायोगाने पहिल्याच गावी झाली. सायकलच्या जागी मोटारसायकल, कौलांच्या जागी पत्रे. लोखंडी पेटी तीच. दफनाचं रजिस्टर उघडलं तर त्या आजींची नोंद सापडली, माझ्या नंतरच्या नंतरच्या पाळकांच्या अक्षरात, वय 'अंदाजे ८०'. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात माझं जुनं अक्षर, आताच्यापेक्षा खूप बरं. त्यातली बाळं आता कमिटीवर होती आणि माझ्याशी बजेटवरून भांडत होती. भर पावसाळ्यात तिथे एक जण गेला. काळ्या मातीत खड्डा खणायचा म्हणजे कडा ढासळतात, खालून पाणी भरतं. मी नाव दिलेली पोरं गुडघाभर चिखलात उतरून बादलीने पाणी उपसत होती, फळ्या लावत होती, आणि वर छत्री धरून उभा असलेल्या मला एक जण ओरडून म्हणाला, 'साहेब, तुम्ही सुरू करा, आम्ही आमेन खालून म्हणतो.'

निवृत्तीच्या आठवड्यात नव्या पाळकाला चार्ज दिला. तरुण आहे, यादी मोबाइलवर टाइप करून आणली होती, फोटोसकट. पेले आता स्टीलचे, ६०. साउंड सिस्टिम, प्रोजेक्टर. स्टँडवर मी त्याला घरांची माहिती सांगितली, जमेल तितकी. त्याने ऐकून घेतली, फोनकडे दोनदा बघितलं. माझीही नजर तेव्हा एसटीच्या वाटेकडेच असायची.

परवा त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, 'साहेब, एक विचारायचं होतं. यादीत किल्ल्या तीन आहेत. एक देवालयाची, एक पेटीची. तिसरी कुठेच लागत नाही.'

मी म्हटलं, 'जिन्याखालचं कपाट बघितलंत?'

'बघितलं.'

'मग राहू द्या जुडग्यात,' मी म्हटलं. 'आणि शनिवारी मनुका भिजवायला विसरू नका.'